डावी कूस

४ फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज लिहून ठेवा. बाबांचा हात कधी बधिर होतो, पाय कधी, किती वेळ राहतं, काय केल्यावर कमी होतं. घरात कोरी वही शोधली तर ही डायरी सापडली. प्लायवूडवाल्याने नव्या वर्षाची म्हणून दिली होती, प्रत्येक पानाखाली त्याची जाहिरात आहे.

तर नोंद. सकाळी उठल्यावर डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. डाव्या पावलाचा वरचा भाग आणि नडगीची बाहेरची बाजू बधिर. चहाचा कप उचलताना कलंडला. उजवी बाजू ठणठणीत. दुपारपर्यंत जरा बरं. संध्याकाळी फिरायला गेले तेव्हा डावी चप्पल पायातून निसटली आणि त्यांना कळलंच नाही, तसेच एका चपलेने बागेपर्यंत गेले. तिथल्या बाकावरच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा खाली बघितलं म्हणे.

डॉक्टर अर्धांगवायू हा शब्द काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "मोठ्या डॉक्टरांना दाखवा, मेंदूचा फोटो काढून घेऊ." आधी बाबांचीच काळजी वाटली. आणि खरं लिहायचं तर त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, की आता यांना ताईकडे कसं पाठवायचं.

हे डॉक्टरांना दाखवता येणार नाही. त्यांच्यासाठी नोंदी वेगळ्या कागदावर उतरवून देईन. ही डायरी माझ्याकडेच राहू दे.

६ फेब्रुवारी

सकाळी बधिर, दुपारी कमी. कालच्यासारखंच.

ताईकडे पाठवण्याचं लिहिलंय तर पूर्ण लिहितो, नाहीतर उगाच मी खलनायक वाटायचो. आई गेली आणि बाबांना आम्ही इथे आणलं. कोणी भाग पाडलं नव्हतं, मीच आणलं. पुढची मोठी खोली होती, तिच्यात मधोमध पार्टिशन घातलं, रस्त्याकडची अर्धी बाबांना दिली, आतली अर्धी आम्ही झोपायला घेतली. फर्निचरचा माझा धंदाच आहे, सुट्टीच्या एका दिवसात काम झालं. त्यांचा पलंगही मी बनवला. पार्टिशनला लागून, खाली सामान ठेवायला जागा, वर कडक प्लाय, कारण मऊ गादीने पाठ बिघडते. गादी सरकू नये म्हणून पार्टिशनच्या बाजूने उभी पट्टीही ठोकली. बघणारे विचारतात कुठून आणला.

आता धंदा वाढवायचा तर नमुने मांडायला जागा पाहिजे. सरकती दारं, स्वयंपाकघराची कपाटं, लोकांना हात लावून बघायचं असतं. रस्त्याकडची अर्धी खोली त्यासाठी एकदम योग्य आहे. ताईकडे एक खोली रिकामी पडून आहे. ती त्यांची थोरली, लाडकी. यात वाईट काय आहे, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. बाबांशी अजून बोललो नाही, इतकंच. आधी घर तयार करू, मग सांगू, असं हिचं आणि माझं ठरलं होतं.

बोलण्याच्या भरात असंही निघालं, की बाबांचं जुन्या लोखंडी कपाटासारखं झालंय, फेकवतही नाही आणि जागाही अडवतं. कोण म्हणालं ते महत्त्वाचं नाही. दोघंही हसलो होतो. माणूस आपल्या खोलीत दार लावून काय काय बोलतो.

९ फेब्रुवारी

दोन वकिलांचं ऑफिस आहे, भागीदार आहेत पण एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्यांना मधे पार्टिशन पाहिजे. धाकटा वकील म्हणाला, "मला त्याचा फोनवरचा आवाज ऐकू येता कामा नये." मी नेहमीचं सांगितलं, की दोन प्लायच्या मध्ये ग्लासवूल भरतो, काचेच्या तंतूंची लोकर असते, आवाज आतच मरतो. नमुन्याचा तुकडा बरोबर होता, त्याच्या कानाला लावून पलीकडून घड्याळ धरलं. टिकटिक थांबली तसा गडी खूश.

घरच्या पार्टिशनमध्ये ग्लासवूल नाही. मध्ये नुसती हवा आहे. ही तेव्हा म्हणाली होती की घालून टाका. मी म्हटलं, बाबांसाठी कशाला, अर्ध्या जगाचा आवाज त्यांना तसाही येत नाही.

बाबा लोखंडी कपाटांच्या कारखान्यात होते. पत्रा वाकवणारं यंत्र आयुष्यभर त्यांच्या उजव्या हाताला धडाधड आपटत होतं, त्यात उजवा कान गेला. डावा मात्र शाबूत आहे. आमच्या घरात लहानपणापासून एक रीत होती. बाबांना कळू द्यायचं नसेल ते त्यांच्या उजवीकडे बसून बोलायचं. परीक्षेतले मार्क, फुटलेली काच, ताईचं लग्न ठरण्याआधीचं सगळं प्रकरण, हे सगळं उजवीकडून गेलं. जेवायच्या टेबलाशी माझी खुर्ची अजूनही त्यांच्या उजवीकडेच आहे. बाजू बदलायचं कधी सुचलंच नाही.

नोंद: जेवण कमी झालंय. ही वाढायला गेली की ताटावर हात आडवा धरतात. पँटला पट्टा लागायला लागला.

११ फेब्रुवारी

मेंदूचा फोटो काढला. बाबांना त्या नळकांड्यात सरकवलं तेव्हा त्यांनी तिथल्या बाईंना सांगितलं, "उजव्या कानाला ते बोळे नको घालू, वाया जातील." बाई हसल्या. बाहेर बाकावर बसून मी मनात देवाशी घासाघीस करत होतो, आणि कशासाठी करत होतो ते माझं मलाच धड सांगता आलं नसतं.

संध्याकाळी ताईचा फोन. मी आमच्या खोलीत पलंगावर बसून घेतला. ती म्हणाली, "आई होती तोवर एक गोळी खायचे नाहीत. तुमच्याकडे गेले आणि हे कुठून आलं?" मला राग आला. म्हटलं, तुझ्याकडे ने म्हणजे मलाही कळेल कुठून येतं. ती म्हणाली, नेईन की, पण दोन जिने आहेत, आधी पायाचं कारण तर कळू दे. मग मी जे म्हणालो ते असं, की मला वाटतं थोडं मनाचंही आहे, जायचं नाव काढलं आणि पाय बधिर झाला, जरा जास्तच जुळून आलंय. ताई म्हणाली, "पण तू तर त्यांना अजून सांगितलेलंच नाहीस ना?"

हो, ते खरं आहे. पण म्हाताऱ्या माणसांना वास लागतो.

१२ फेब्रुवारी

मेंदूचा फोटो स्वच्छ आला. गाठ नाही, रक्तस्राव नाही, काही नाही. साखर बरोबर, जीवनसत्त्वं बरोबर. जीव भांड्यात पडला, पण मग बधिर कशाने होतंय?

सकाळी चहा पिताना बाबा आपणहून म्हणाले, "डॉक्टरांना विचार रे, मनाचं असेल का. असतं म्हणे कधीकधी."

मी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे. त्यांच्याच तोंडून आलं. मला वाटतं त्यांच्या मनाला आतून माहीत असावं.

१३ फेब्रुवारी

आज जे केलं ते लिहू की नको, असा विचार करत बसलोय. लिहितो.

दुपारी जेवायला घरी आलो. बाबा झोपले होते, हल्ली झोपतात तसे. डाव्या कुशीवर, पार्टिशनकडे तोंड करून, डावा हात कोपरात पूर्ण दुमडून तळवा कानाखाली दाबलेला. गुडघे पोटाशी, डावा गुडघा मी ठोकलेल्या त्या पट्टीवर टेकलेला. चादरीतून डावं पाऊल बाहेर आलं होतं. माझ्या खिशात कापडाच्या नमुन्याची टाचणी होती.

मी ती त्यांच्या पावलावर टोचली. आधी हळू. मग जरा जोरात.

पाऊल हललं नाही. श्वासही बदलला नाही. रक्ताचा एक ठिपका आला, तो मी अंगठ्याने पुसला आणि चोरासारखा बाहेर आलो. जेवण गेलं नाही. एवढं करूनही उत्तर मिळालं असं नाहीच. खरंच बधिर असेल म्हणून हलले नसतील. किंवा जागे असतील आणि मुद्दाम हलले नसतील. ज्या बापाने मला काटा लागला तर सुई तापवून काढला, त्याच्या पायात मी टाचणी खुपसली. कुठल्याही कारणासाठी खुपसली असती तरी लाजच वाटायला हवी. मला वाटतेय. पण पूर्ण नाही, कारण अजून संशय आहे. हेही लिहून ठेवतो.

रात्री जेवताना बाबा हिला म्हणाले, "डास फार झालेत या खोलीत. आज दुपारी एक चावला, चांगला मोठा होता."

ही लगेच डासांची उदबत्ती घेऊन आली.

१७ फेब्रुवारी

मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. नसांचे डॉक्टर आहेत, बाहेर दोन तास बसावं लागतं आणि आत गेल्यावर ते घाई करत नाहीत. हातोडीने गुडघे ठोकून बघितले, कापसाने बोटं पुसली, डोळे मिटायला लावले. मग टाचांवर चालायला सांगितलं. उजव्या पायाची बोटं वर राहिली, डाव्याची खाली पडली. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, कधीपासून?"

बाबा म्हणाले, "जुनं कपाट आहे, डॉक्टर. एक बाजू बसली की दारं लागत नाहीत. फेकवतही नाही आणि जागाही अडवतं."

डॉक्टर हसले, आणि सगळ्यात मोठ्याने मी हसलो. असल्या दुखण्यातही विनोद सुचतो याचं मला कौतुक वाटलं. कपाटवाला माणूस कपाटाचंच बोलणार. घरी येऊन हिला सांगितलं, तर ती हसली नाही. मला म्हणाली, "अगदी असंच म्हणाले? हेच शब्द?" मी म्हटलं, हो. ती भांडी घासायला गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

हातापायाच्या नसांना बारीक झटके देऊन तपासायचं आहे. चोवीस तारीख मिळाली.

निघण्याआधी मी डॉक्टरांना हळूच बाजूला घेऊन मनाचं विचारलं होतं. म्हणाले, "मनाने पायाची बोटं अशी पडत नाहीत. तो पाय खोटं बोलत नाहीये." बाबा तेव्हा बटणं लावत होते. डाव्या हाताने लागत नव्हती. मी लावून दिली, वर बघितलं नाही.

२१ फेब्रुवारी

तो पाय खोटं बोलत नाहीये. चार दिवस हेच डोक्यात आहे. टाचणीचं ताईला सांगावंसं वाटतं, शिव्या खाव्याशा वाटतात. फोन लावला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

ही माझ्याशी नीट बोलत नाही. काय झालं विचारलं की "काही नाही." रात्री आमच्या खोलीत तोंडातून शब्द काढत नाही. काही सांगायचं असलं तर स्वयंपाकघरात ये म्हणते. बायकांचं असतं काहीतरी.

२४ फेब्रुवारी

कारण कळलं. सगळं नीट लिहितो.

झटके द्यायची तपासणी एका अरुंद खोलीत झाली. पडद्यावर रेघा उठत होत्या. डॉक्टर स्वतः आले, कोपराशी आणि गुडघ्याखाली पुन्हापुन्हा बघितलं. म्हणाले, "मेंदूचा काही संबंध नाही. दोन नसा आहेत, दोन्ही डाव्या, दोन्ही दाबल्या गेल्यात. एक कोपरात, एक गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाजवळ. बाहेरून दाब पडतोय. वजनही उतरलंय, मांस कमी झालं की नस उघडी पडते." मग बाबांना विचारलं, "झोपता कसे?"

"डाव्या कुशीवर."

"हात कुठे असतो?"

बाबांनी दाखवलं. हात दुमडला, तळवा कानावर घट्ट बसवला.

"रात्रभर असंच? कूस बदलत नाही?"

"नाही."

"का बरं?"

इतक्या दिवसांच्या तपासण्यांत बाबांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नव्हतं. तेव्हा बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "सवय."

डॉक्टरांनी मला सांगितलं, गादी जाड करा, ती पट्टी काढून टाका, कूस बदलायला लावा, पोटभर खाऊ घाला. दोन-चार महिन्यांत नसा परत येतील. मी त्यांचे इतक्या वेळा आभार मानले की ते दारापर्यंत सोडायला आले. येताना पाऊल उचलायला मदत होईल असा पट्टाही घेतला. ताईला फोन केला, ती रडली. घरी येऊन पट्टी उपटून काढली, खिळे अगदी मापात बसले होते.

पलंग मीच केला होता, तेवढं वाईट वाटलं. बाकी सुटलो असं वाटलं.

२५ फेब्रुवारी

"सवय" हे खरं नाही.

सकाळी दात घासताना आठवलं. आई कायम तक्रार करायची, की हा माणूस जन्मभर उजव्या कुशीवर झोपला, माझ्याकडे पाठ करून. बाबा म्हणायचे, बहिरा कान उशीत, चांगला कान वर, पोरं खोकली तर कोणाला तरी ऐकू यायला पाहिजे, तू तर ढोल वाजवला तरी उठायची नाहीस. आणि खरंच होतं ते. तापात मी हाक मारायच्या आधी बाबा उशाशी असायचे. मला लहानपणी वाटायचं ते झोपतच नाहीत.

मग आता चांगला कान उशीत का? आणि वर तळवा का?

म्हातारपणी सवयी बदलतात, असं लिहिणार होतो. हात चालला नाही.

२६ फेब्रुवारी

वकिलांच्या ऑफिसात आज ग्लासवूल भरायचं होतं. मिस्त्री ग्लासवूलची एकेक लादी मागत होता, मी देत होतो. धाकटा वकील येऊन उभा राहिला. म्हणाला, "लक्षात ठेवा, एक फट राहिली तरी मला सगळं कळेल." माझ्या हातात लादी तशीच राहिली. मिस्त्रीने दोनदा मागितली. मी त्याला म्हटलं तू बघ, आणि घरी आलो.

बाबा बागेत गेले होते. हिला म्हटलं, आपल्या खोलीत जा आणि दार लावून काहीही बोल, नेहमीच्या आवाजात. ती म्हणाली, "काय बोलू?" मी म्हटलं, काहीही. ती वाद न घालता गेली. आता वाटतं, तिला माहीत होतं.

मी बाबांच्या पलंगावर आडवा झालो. करवतीच्या कामाला कानात घालायचे बोळे माझ्या खिशात असतात. एक उजव्या कानात घट्ट बसवला, म्हणजे मीही बाबांसारखा एका कानाचा झालो. आधी उजव्या कुशीवर झोपलो, आईच्या वेळी ते झोपायचे तसा.

पार्टिशनमधून ही म्हणाली, "काय बोलू मी, मला सुचत नाही." मग खण उघडल्याचा आवाज आला. मग ती नाक ओढल्याचा. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणावं तसं, "त्यांना सगळं ऐकू आलंय."

मी कूस बदलली. डाव्यावर वळलो, चांगला कान उशीत घातला. तरी जरासं येतच होतं. तळवा कानाखाली नेला, हात कोपरात दुमडला, दाबून धरला. तेव्हा गेलं. एकदम शांत झालं. गुडघे आपोआप वर आले आणि जिथे पट्टी होती तिथे टेकले.

तसाच पडून राहिलो. हात बधिर व्हायला लागला तरी काढला नाही.

ही आत आली तेव्हा तिला माझा चेहरा दिसला नाही, मी पार्टिशनकडे तोंड करून होतो. पायाशी बसली. म्हणाली, "काय काय ऐकलं असेल?" आणि मग आम्ही दोघं एकेक आठवायला लागलो. साबण लवकर संपतो, हे तिचं. या वयात भूक बघ, हे माझं, आणि मी ते कौतुकाने म्हणालो होतो असं स्वतःला सांगून बघितलं, जमलं नाही. ताईला कसं पटवायचं, हे दोघांचं. नमुने कुठे मांडायचे, त्यांचा पलंग विकला तर कोण घेईल. मनाचं आहे, नाटक आहे. रोज जेवणानंतर, दार लावून, दोन प्लायच्या अंतरावरून.

सहा तारखेला लिहिलंय की कपाटाचं कोण म्हणालं ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं आहे. मी म्हणालो. हिला हसायला मी लावलं.

आणि ते उठून भांडले नाहीत. दार ठोठावलं नाही. ताईकडे तक्रार केली नाही. नुसती कूस बदलली, आम्हाला बोलायला मोकळीक राहावी म्हणून स्वतःचा चांगला कान दाबून धरला आणि डॉक्टरने विचारलं तर सवय म्हणाले. माझी लाज राखली. मी त्यांच्या पायात टाचणी टोचली, तेव्हाही ते जागेच असतील.

लाज कशी असते हे मला आजवर माहीत नव्हतं. परीक्षेत नापास झालो, गिऱ्हाइकाने चारचौघांत झापलं, ती लाज नव्हती. ही समोर कोणी बघत नसतानाही जात नाही.

२७ फेब्रुवारी

मला जे येतं तेच केलं. ऑफिसातून उरलेलं ग्लासवूल घरी आणलं, स्क्रू काढायचं यंत्र घेतलं आणि बाबांच्या बाजूची प्लाय उघडायला लागलो. ते खुर्चीत बसून बघत होते. पायाला तो नवा पट्टा.

"कशाला?"

"आवाज जाऊ नये म्हणून."

"कोणाचा?"

मी यंत्र पुन्हा चालवलं. एक स्क्रू काढला, दुसरा काढला.

"नको भरूस," बाबा म्हणाले. "मला रात्री काही झालं आणि हाक मारली, तर तुम्हाला ऐकू यायला नको?"

हे मी एकदाही मनात आणलं नव्हतं. या पार्टिशनमधून त्यांचाही आवाज येतो. त्यांनी इतके महिने आवाज केलाच नव्हता, म्हणून मला वाटलं आवाज एकाच बाजूने जातो. दोन्ही स्क्रू परत बसवले. ग्लासवूल अंगाला खाजतं, त्याचं निमित्त करून बराच वेळ मोरीत तोंड धूत बसलो.

१ मार्च

आज जेवताना माझी खुर्ची उचलली आणि बाबांच्या डावीकडे नेऊन ठेवली. ही ताटं मांडत होती, ती थांबली. बाबांनी खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"इकडून ऐकू येतं हं मला," म्हणाले. "जपून."

मी पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "कपाटाचं मी म्हणालो होतो."

"माहीत आहे. तुझा आवाज ओळखतो मी." घास चावून झाला. "वाक्य चांगलं होतं. आधी हसूच आलं मला. मग नाही आलं."

ही ताट हातात धरून उभीच होती. मी टाचणीचंही सांगितलं. ते म्हणाले, "दाब कळतो, दुखत नाही. उजव्या पायाला टोचलं असतंस तर कानफटात खाल्ली असतीस." मग म्हणाले, "दुखलं नाही याचंच वाईट वाटलं रे मला. म्हटलं, ओरडलो असतो तर याला पटलं तरी असतं की मी नाटक करत नाही. मग लक्षात आलं, ओरडलो असतो तर याला नाटकच वाटलं असतं."

मी मान वर केली नाही. ताटात बघत म्हटलं, "तुम्ही ताईकडे जायचं नाही."

"सांगतोयस की विचारतोयस?"

"विचारतोय."

"मग विचार करून सांगतो," बाबा म्हणाले. हिने वाढायला डाव पुढे केला. हात आडवा आला, मग बाजूला झाला. त्यांनी थोडं वाढून घेतलं. फार नाही.

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं म्हणतील. ते वाटणंही माझंच शहाणपण.

५ मार्च

नोंद: करंगळीला मुंग्या येतात. डॉक्टर म्हणतात चांगलं लक्षण आहे, नस जागी होतेय. पाऊल अजून तसंच. जाड गादी आली. गुडघ्यांमध्ये उशी घेतात.

उत्तर अजून दिलेलं नाही. मी विचारत नाही. नमुन्यांसाठी बाजारातला एक गाळा बघून आलो, लहान आहे, अंधार आहे, चालेल.

आमच्या खोलीत आता आम्ही काय बोलावं तेच कळत नाही. दोघंही पाहुण्यांच्या घरी झोपल्यासारखे पडून असतो. काल जेवणं आटोपली, बाबा त्यांच्या खोलीत गेले, दिवा बंद केला. मी आणि ही छताकडे बघत होतो. शेवटी गप्प राहणं असह्य होऊन ती म्हणाली, "मोरीतला नळ गळतोय."

मी काही बोलायच्या आत पार्टिशनपलीकडून आवाज आला. शांत, अगदी उशाशी बसून बोलल्यासारखा.

"वॉशर गेलाय त्याचा. उद्या मी बदलतो. डाव्या हाताला अजून जोर नाही, तू नुसता पाना धर."

आम्ही दोघं हललो नाही. त्यांनी कूस बदलली होती. चांगला कान वर होता, आणि ते उद्याचं बोलत होते.

"बरं," मी म्हटलं. ते फार हळू झालं, म्हणून पुन्हा नीट म्हटलं. "बरं, बाबा."